तुडतुड्याएवढी फट

गाडी घेतली तेव्हा माझ्या डोक्यात धरणाकाठची पहाट, उकळता चहा आणि मागच्या दारात पाय सोडून बसलेला मी, एवढंच चित्र होतं. डासांचा विचार केला नव्हता असं नाही. सरकत्या काचांच्या खिडक्या करून घेताना प्रत्येक खिडकीला जाळीचा एक पल्लाही लावून घेतला होता. खिडकीवाल्यानं तो सर्रकन सरकवून दाखवला आणि म्हणाला, "बघा सर, मुंगीसुद्धा आत यायची नाही." मुंगीच्या बाबतीत त्यानं शब्द पाळला. मुंगी आजवर खिडकीतून आलेली नाही, ती फराळाच्या डब्यातून येते.

गाडी म्हणजे फार काही नाही. एके काळी शाळेची पोरं वाहणारी जुनी व्हॅन. मागची सीट आडवी पाडून त्यावर प्लायवूडची फळी, फळीवर गादी, फळीखाली पाण्याचा कॅन आणि चार भांडी. परदेशात याला कॅम्पर व्हॅन म्हणतात. आमच्या गल्लीत 'सरांची झोपायची गाडी' म्हणतात. आईनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा चारी बाजूंनी फिरून विचारलं, "घर असताना गाडीत काऊन झोपायचं?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं छातीठोकपणे म्हणणाऱ्या गावातला माणूस काहीही करू शकतो, इतकंच आपलं म्हणतो आणि वेळ मारून नेतो.

पहिला मुक्काम मानवतजवळ, एका मित्राच्या शेतात. सप्टेंबर महिना, कपाशी कमरेला लागलेली, दुपारी पाऊस पडून गेलेला. गाडी बांधाला लावली, आत पांढरा लख्ख एलईडी दिवा लावला, काचा अर्ध्या उघडल्या आणि जाळीचे पल्ले ओढून घेतले. अर्ध्या तासात पिठल्यावर काहीतरी हिरवं दिसायला लागलं. बायकोला वाटलं, कोथिंबीर. कोथिंबिरीनं उडी मारली तेव्हा कळलं.

तुडतुडे होते. कपाशीच्या पानाखाली बसून रस पिणारे, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचे, कोवळ्या पोपटी रंगाचे. एरवी बघायला देखणे. त्यांच्यामागून बारकी पाखरं, त्यांच्यामागून एक भुंगेरा, जो दिव्यावर टणटण डोकं आपटत राहिला. तेवढ्यात मित्राचे वडील कंदील घेऊन बांधावरून आले. गाडीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सर, प्रकाश सापळा मांडलाय का काय? कपाशीतले समदे तुमच्याकडंच यायलेत. राहू द्या आठ दिवस, माझी एक फवारणी वाचंल."

प्रकाश सापळा म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. रात्री शेतात दिवा लावायचा, खाली पसरट भांड्यात पाणी आणि थोडं रॉकेल ठेवायचं. किडे उजेडाला भुलून येतात आणि भांड्यात पडतात. माझ्या सापळ्यात फक्त भांड्याच्या जागी पिठलं होतं. कृषी विद्यापीठ १९७२ पासून आमच्याच गावात आहे आणि मला हे बांधावर बसून शिकावं लागलं, याची तेव्हा थोडी लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी दिवा बदलून पिवळा केला. पिवळ्या उजेडाला किडे कमी येतात. कमी म्हणजे येत नाहीत असं नाही.

पण मला छळत होता तो वेगळाच प्रश्न. आले कुठून? जाळी तर अखंड होती. परत आल्यावर एका रात्री अंगणात गाडी उभी केली, मी आत बॅटरी लावून बसलो आणि लेकीला बाहेर उभं केलं. ती आठ वर्षांची. तिला हा खेळ भलताच आवडला. "बाबा, इथून उजेड यायलाय! बाबा, इथून पण!" करत तिनं खडूनं खुणा करायला सुरुवात केली. अकरा खुणा झाल्या तेव्हा तिला थांबवलं, कारण पुढच्या खुणा ती उत्साहानं करत होती की उजेडानं, ते कळेना.

मोठी फट कुठे होती सांगतो, कारण ती माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला वर्षभर दिसली नसती. जाळीचा पल्ला आणि काच एकमेकांवरून सरकायची म्हणजे दोघांच्या मध्ये जागा असणारच. ती जागा भरायला पल्ल्याच्या कडेला ब्रशची पट्टी असते. काच पूर्ण उघडली की काचेची कड पल्ल्याच्या कडेवर येते, पट्टी मध्ये दबते, रस्ता बंद. काच अर्धीच उघडली की तिची कड जाळीच्या मधोमध येऊन थांबते. तिथे पट्टी नाही. तिथे वरपासून खालपर्यंत करंगळी जाईल अशी उभी खाच असते आणि आपण मात्र जाळीवर बोटं फिरवून भोक शोधत बसतो. थंडी वाजते म्हणून, पाऊस येईल म्हणून, शेजारी बघतील म्हणून, आपण खिडकी नेहमी अर्धीच उघडतो. मध्यमवर्गीय सवय. तुडतुड्यांना ती ठाऊक असावी.

बाकीच्या खुणा किरकोळ होत्या. कोपऱ्यात ब्रशची पट्टी एक सूत आखूड कापलेली, एका जागी झिजून टक्कल पडलेलं. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर पट्टी मिळाली. जुनी ओढून काढायची, खाच दात घासायच्या ब्रशनं साफ करायची आणि नवी एका टोकाकडून सरकवत न्यायची. कोपऱ्यात दोन सूत जास्तच ठेवायची, म्हणजे ती दुसऱ्या पट्टीवर दाटून बसते. आणि खालच्या रुळात बाहेरच्या बाजूला दोन-दोन बारीक भोकं होती. ती मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवून टाकली. त्या भोकांचं पुढे काय झालं ते पुढे येईल.

मागच्या दाराला जाळीचा पडदा हवा होता. त्यासाठी सीट कव्हर शिवणाऱ्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी दाराच्या चौकटीवरून टेप फिरवला, पुन्हा फिरवला आणि चष्मा कपाळावर नेला. "सर, ये गाडी का एक भी कोना चौकोन नै है. घर के परदे जैसा सीधा सिया तो कोने में चुन्नट आएगी, और मच्छर वहींच से आता." मग त्यांनी वर्तमानपत्र चौकटीला लावून, कडा नखानं दाबून, कागदाचा बेत काढला. ब्लाऊजला काढतात तसा. जाळीच्या कडेला रेक्झिनची पट्टी, पट्टीत शिवलेले बारके लोहचुंबक, खाली ओझं म्हणून सायकलच्या चेनचा तुकडा. चुंबक जिथे पत्रा आहे तिथे पटापट चिकटले. जिथे प्लास्टिकचं पॅनेल आहे तिथे त्यांचा काही उपयोग नव्हता, म्हणून तिथे वेल्क्रो.

वेल्क्रो ज्यानं शोधला तो स्वित्झर्लंडचा एक इंजिनिअर. कुत्र्याला फिरवून आणल्यावर त्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं भिंगाखाली बघून त्याला ही युक्ती सुचली आणि १९५५ साली त्यानं पेटंट घेतलं. आमच्याकडे कुत्र्यांना, शेळ्यांना आणि धोतरांना पिढ्यान् पिढ्या गोखरू चिकटतंय. आम्ही ते उपटून शिवी देऊन फेकून देत आलो. असो. वेल्क्रोचे आकडे चांगले धरत होते. दगा दिला तो मागच्या गोंदानं, आणि खरं सांगायचं तर माझ्या आळसानं. पॅनेल स्पिरिटनं पुसून, कोरडं करून मगच पट्टी लावायची असते. मी शर्टाच्या बाहीनं पुसलं. एप्रिलमध्ये बेचाळीस अंशांच्या दुपारी बंद गाडीत पट्टी जी सुटली ती गुळाच्या पाकासारखी लोंबत होती. शेवटी ती चाचांनी पॅनेललाच बारीक स्क्रू मारून बसवली. "गोंद पे भरोसा परभणी में नै करना," ते म्हणाले.

त्याच्या आधीची गोष्ट राहिली. फेब्रुवारीत आम्ही येलदरीला गेलो होतो, पूर्णा नदीवरच्या धरणाकाठी. आई पण होती. दिवस मावळला आणि पाण्यावरून चिलटांचा ढग उठला. हुबेहूब डासासारखी, पण न चावणारी, थव्यानं एका जागी वरखाली नाचणारी. जाळीला बाहेरून काळा थर बसला. आत मात्र एकही नाही. मी काच पूर्ण उघडली होती, पडदा चेनच्या वजनानं ताठ लोंबत होता. इतका आनंद मला बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. सगळ्यांना दोन-दोनदा दाखवलं.

मग दिवा मालवला आणि कानाशी गुणगुण सुरू झाली.

तीन डास होते. लेक लघवीला बाहेर गेली, मी पाण्याचा कॅन आणायला गेलो, त्या दोन खेपांत आत आलेले. आता ते बाहेर जाऊ शकत नव्हते. मीच तर सगळ्या वाटा बुजवल्या होत्या. आम्ही चौघं आणि ते तिघं, असा रात्रभर मुक्काम. अंधारात मला रोनाल्ड रॉस आठवला. याच आमच्या जुन्या निजामाच्या मुलखात, सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. परभणीहून रात्री रेल्वेत बसलं की सकाळी जिथे उतरतो तेच हे गाव. त्यानं हुसेन खान नावाच्या रुग्णाला मच्छरदाणीत झोपवलं आणि घरी वाढवलेले डास आत सोडले. चावलेल्या प्रत्येक डासामागे हुसेन खानला एक आणा. म्हणजे मच्छरदाणी डासाला आत ठेवायलाही तितकीच चांगली, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं होतं. मला आणाही मिळाला नाही.

आई मात्र डोक्यावरून वाकळ ओढून शांत होती. तिचं माहेर जिंतूरकडचं, माळवदाचं घर. उन्हाळ्यात सगळे माळवदावर झोपायचे. खाली अंगणात लिंबाचा ओला पाला जाळून धूर करायचा, वारा असला की डास टिकत नाही, वारा पडला की तोंडावर पदर. "मग डास चावत नव्हते का?" मी विचारलं. "चावत होते की," ती वाकळीतून म्हणाली, "पण ते कुठून आले म्हणून रातभर कुणी बॅटरी घेऊन बसत नव्हतं." तिच्या त्या माळवदाला भिंतीच नव्हत्या, त्यामुळे फटीही नव्हत्या.

याहून बारीक जाळी लावून पाहावी असंही मनात येऊन गेलं. मच्छरदाणीला चौरस इंचात साधारण १५६ भोकं असतात आणि वाळूमाशीसारखी चिमुकली माशी त्यातूनही जाते. पण भोकं बारीक केली की वाराही अडतो, आणि मे महिन्यात परभणीला वारा अडवणारा माणूस घरात टिकत नाही. तो बेत सोडला.

जूनमध्ये मृग वेळेवर लागला. पहिल्या पावसाच्या रात्री आम्ही औंढ्याच्या वाटेवर, एका ढाब्यामागे गाडी लावून होतो. पहाटे गादी ओली लागली. लेकीवर संशय घेतला, तिनं रडून निर्दोषत्व सिद्ध केलं. मग पाहिलं तर खिडकीचा खालचा रूळ काठोकाठ भरून आत सांडत होता. काचेवरून उतरलेलं पाणी रुळात येतं आणि बाहेरच्या भोकांतून निघून जातं. त्यासाठीच ती असतात. तीच भोकं मी ऑक्टोबरात लांबी भरून, अंगठ्यानं दाबून, कौतुकानं बुजवली होती.

उजाडल्यावर स्क्रू ड्रायव्हरनं लांबी कोरून काढली. पाणी भळकन गेलं. आता भोक उघडं ठेवून त्यावर बाहेरून नखाएवढा जाळीचा तुकडा चिकटवायचा, एवढं काम. स्पिरिटनं पुसूनही घेतलं. तुकडा बोटाच्या टोकावर घेतला तोच लेक ओरडली, "बाबा, थांबा!"

रुळात मृगाचा किडा होता. लालभडक, मखमली, शेंगदाण्याच्या दाण्याएवढा. आदल्या संध्याकाळी तिनं तीन किडे काड्यापेटीत भरून उशाशी ठेवले होते. पावसात पेटी भिजून उघडली असावी. दोन गादीखाली सापडले. हा तिसरा ओल्या रुळातून, न पळता, एकेक पाय उचलत भोकाकडे चालला होता. मध्येच थांबायचा, पाय आखडून गोळा व्हायचा, मग पुन्हा निघायचा. भोकापाशी पोचल्यावर त्यानं पुढचे दोन पाय बाहेर काढले आणि तसाच राहिला.

मी जाळीचा तुकडा बोटावर धरून उभा होतो. बायकोनं चहा झाल्याचं सांगितलं. लेकीनं मान हलवली, अजून नाही.