घोड्याला बिचकणारा घोडदळाचा कर्नल

ग्रीअर्सन म्हटलं की आपल्याला आधी भारतीय भाषांचं सर्वेक्षण करणारा आठवतो. तो जॉर्ज. हा बेंजामिन हेन्री ग्रीअर्सन, अमेरिकन यादवी युद्धातला उत्तरेच्या बाजूचा घोडदळ अधिकारी. जन्म १८२६, पिट्सबर्ग. आठव्या वर्षी घोड्याने तोंडावर लाथ मारली, त्याचा व्रण जन्मभर राहिला आणि घोड्यांबद्दलची अढीही. पेशाने संगीतशिक्षक आणि बँडमास्तर. १८५४ मध्ये ॲलिस कर्क या शिक्षिकेशी लग्न झालं. जावई धर्मकर्मातला नाही म्हणून सासऱ्यांची नाराजी होती. इलिनॉयमधल्या मेरेडोशिया गावी भागीदारीत दुकान टाकलं, ते बुडालं, डोक्यावर कर्ज झालं आणि बायकोमुलांसह आईवडिलांच्या घरी, जॅक्सनव्हिलला परतावं लागलं. १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा हा पस्तिशीचा माणूस असा कडकीत होता.

सुरुवातीला त्याने जनरल प्रेंटिसच्या हाताखाली बिनपगारी काम केलं. मग सहाव्या इलिनॉय घोडदळात मेजर म्हणून नेमणूक झाली. त्याला पायदळ हवं होतं, पण नशिबी घोडाच आला. एप्रिल १८६२ मध्ये तो त्या रेजिमेंटचा कर्नल झाला.

कर्नलचा मूळ पगार महिना ११० डॉलर. त्यावर रोजच्या सहा शिध्यांचे पैसे, शिध्याला ३० सेंट या दराने, शिवाय वैरण आणि नोकर यांचे भत्ते. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण घोडा, खोगीर, तलवार, गणवेश, जेवण हे सगळं अधिकाऱ्याने पदरचं करायचं. पगारही वेळेवर होत नसे. म्हणजे घरी पाठवायला उरणार किती आणि पोचणार कधी, हा हिशेब ॲलिसकडे. साध्या स्वाराला तेव्हा महिन्याला १३ डॉलर मिळत.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. आपल्या शब्दांत सांगायचं तर दक्षिणेचे स्वार शिलेदार आणि उत्तरेचे बहुतांशी बारगीर. दक्षिणेत घोडा स्वाराचा स्वतःचा, त्याबद्दल दिवसाला ४० सेंट. घोडा लढाईत पडला तर भरपाई, पण रोगाने किंवा थकून मेला तर काही नाही. मग रजा घेऊन दुसरा घोडा शोधत फिरायचं, आणि पलटण तितक्या दिवसांपुरती रिकामी. उत्तरेत घोडा सरकार पुरवत असे. त्याचा तोटा असा की घोडा आपला नसल्यामुळे बऱ्याच स्वारांना त्याची किंमत कळत नसे. पहिल्या दोन वर्षांत त्यांनी घोडे अक्षरशः वाया घालवले, आणि शेवटी १८६३ मध्ये त्यासाठी वेगळं घोडदळ खातं काढावं लागलं.

ग्रीअर्सनचं नाव झालं ते सोळा दिवसांच्या धाडीमुळे. १७ एप्रिल १८६३ रोजी टेनेसीतल्या ला ग्रेंजहून तो १,७०० स्वार आणि सहा छोट्या तोफा घेऊन निघाला आणि २ मे रोजी लुइझियानातल्या बॅटन रूजला पोचला. मजल सुमारे ६०० मैलांची, पूर्ण मिसिसिपी राज्य उभं कापून. हेतू हा की उत्तरेचा जनरल ग्रँट व्हिक्सबर्ग या दक्षिणेच्या नदीकाठच्या ठाण्याच्या खाली मिसिसिपी नदी ओलांडत असताना शत्रूचं लक्ष दुसरीकडे राहावं.

या धाडीबद्दल बोलताना लोक दौडीचं कौतुक करतात. मला खरं कसब चंदीच्या हिशेबात दिसतं. सैन्याच्या नियमाने घोड्याला रोज १२ पौंड दाणा आणि १४ पौंड वैरण. १,७०० घोड्यांना नुसता दाणाच दिवसाला २०,४०० पौंड, म्हणजे सव्वानऊ टन. तो गाड्यांवर लादला तर फौज गाड्यांच्याच चालीने चालणार. म्हणून गाड्या घेतल्याच नाहीत. माणसांचा थोडा शिधा थैलीत, बाकी वाटेवरच्या मळ्यांतून. याची किंमत अशी की एका जागी दोन दिवस थांबता येत नाही, कारण आसपासची कोठारं रिकामी होतात.

दुसरी अडचण पाठीची. उत्तरेच्या स्वारांच्या मॅक्लेलन खोगिराचा सांगाडा लाकडी, त्यावर कच्च्या कातड्याचं आवरण. घोडा आठवडाभरात वाळला की तेच खोगीर खाली बसतं आणि खांद्यामागच्या उंचवट्यावर घासू लागतं. घोंगडीला एक चुणी राहिली, तिच्यात चिखल वाळला, की संध्याकाळी फोड आणि दोन दिवसांत जखम. सगळ्यात वाईट म्हणजे खोगिरावर झोपलेला स्वार. त्याचं वजन एकीकडे कलतं आणि घोड्याची पाठ सोलली जाते. उपाय साधेच: दर काही मैलांनी उतरून घोडा हाताने चालवायचा, घाम आलेल्या घोड्याचं खोगीर लगेच न काढता आधी तंग सैल करायचा, घोंगडी रोज झटकून नव्याने घालायची. थकलेली माणसं नेमकं हेच टाळतात. मग वाटेत मिळतील ते घोडे आणि खेचरं धरून बदली करावी लागते.

चौथ्या दिवशी, २० एप्रिलला, त्याने आजारी स्वार आणि लंगडे घोडे बाजूला काढले. ही सुमारे १७५ जणांची तुकडी मेजर लव्हच्या हाती देऊन परत धाडली. रात्री, चौघाचौघांच्या रांगांत, अशा बेताने की गावकऱ्यांना वाटावं सगळी फौजच परतली. दुसऱ्या दिवशी कर्नल हॅचची दुसरी आयोवा रेजिमेंट वेगळी केली. हॅचच्या माणसांनी पुढच्या फौजेच्या टापांचे ठसे उलट फिरून पुसले, आणि त्यांच्याजवळच्या एकाच तोफेला रस्त्यात चार ठिकाणी वळसा घालायला लावला. चिखलात चाकांच्या चार वेगळ्या चाकोऱ्या उमटल्या, जणू चार तोफा उत्तरेला वळल्या. पाठलाग करणारे हॅचच्या मागे लागले. ग्रीअर्सन उरलेल्या सुमारे ९५० स्वारांसह दक्षिणेला सटकला.

२४ तारखेला न्यूटन स्टेशनवर दोन आगगाड्या पकडून इंजिनं उडवली, रूळ उखडले. रूळ नुसता उखडून भागत नाही, शत्रू तो पुन्हा बसवतो. स्लीपरांची रास पेटवून त्यावर रूळ तापवायचा आणि वाकवायचा.

शेवटच्या २८ तासांत ७६ मैल, चार चकमकी, आणि कोमाइट नदीत बरेच घोडे पोहवत न्यावे लागले. अन्न नाही, झोप नाही. बॅटन रूजच्या अलीकडे माणसं जिथल्या तिथे कोसळली. कर्नल मात्र जवळच्या घरात शिरला, दिवाणखान्यात पियानो दिसला आणि झोप येऊ नये म्हणून वाजवत बसला. संपूर्ण धाडीत त्याचे तिघे मेले, सात जखमी झाले.

पुढचं आयुष्य एवढं चित्तथरारक नाही, पण मला तेच जास्त वाचनीय वाटतं. युद्ध संपता संपता स्वयंसेवक सैन्यात मेजर जनरल, आणि १८६६ मध्ये नियमित सैन्यात पुन्हा कर्नल. कृष्णवर्णीय सैनिकांची दहावी घोडदळ रेजिमेंट त्याने उभी केली आणि त्यांना मिळणाऱ्या दुय्यम वागणुकीवरून तो वरिष्ठांशी भांडत राहिला. कर्नलपदावर तो चोवीस वर्षं अडकला.

ॲलिस त्याच्यासोबत एका छावणीतून दुसऱ्या छावणीत संसार हलवत राहिली. सात मुलं, त्यांतली चार मोठी झाली. १८७१ मध्ये धाकटी मेरी लुईझा तान्हेपणीच गेली. त्या वर्षी ॲलिस शिकागोला वडिलांकडे होती. प्रत्येक गरोदरपण आपल्याला किती जड गेलं हे तिने तिथून नवऱ्याला स्पष्ट लिहिलं; त्या काळच्या बायकांच्या पत्रांत इतका मोकळेपणा क्वचित सापडतो. थोरला चार्ली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकताना १८७७ मध्ये मनाने खचला, तरी सावरून १८७९ मध्ये पदवीधर झाला. त्याच्या पदवीच्या आदल्या वर्षी, सप्टेंबरमध्ये, तेरा वर्षांची एडिथ टेक्सासच्या फोर्ट कॉन्चोत विषमज्वराने दगावली. १८८० मध्ये टिनाहा दे लास पाल्मासच्या पाणवठ्यावर व्हिक्टोरिओच्या अपाचे टोळीशी चकमक झाली, तेव्हा तरुण मुलगा रॉबर्ट बापाबरोबर होता. मौज म्हणून आलेला, आणि गोळीबारात सापडलेला.

ॲलिस ऑगस्ट १८८८ मध्ये वारली. ग्रीअर्सनला ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा एप्रिल १८९० मध्ये मिळाला. जुलैत वयाची ६४ वर्षं भरली आणि तो निवृत्त झाला.