भिंतीवरची काकडीची बी

वाशी, २१ सप्टेंबर. रात्री पावणेबारा.

दीड महिना ज्याच्यावर नजर ठेवून होतो तो पतंग आज बाहेर आला, आणि नेमका त्या वेळी मी घरी नव्हतो. संध्याकाळी परतलो तेव्हा स्वयंपाकघराच्या चौकटीवर चिकटलेल्या कवचाच्या वरच्या तोंडातून कोषाची रिकामी साल अर्धी बाहेर आलेली दिसली. हे पतंग बहुधा भर दुपारी कवचातून निघतात, हे वाचलेले असूनही मी रात्री जागत बसलो होतो, याचे आता हसू येते.

हे कवच आमच्याकडच्या ओल धरलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात सापडते. लांबी सेंटिमीटरभर, चपटे, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळते. थेट काकडीची बी. मी इतकी वर्षे त्याला भिंतीचा पोपडा समजत आलो. "अरे, त्यात किडा असतो," असे आई सांगायची आणि सांगतासांगता कुंच्याने खाली पाडायची. ऑगस्टच्या सुरुवातीला मोबाइल चार्जिंगला लावत असताना प्लगशेजारचा असाच एक पोपडा बोटभर पुढे सरकला, तेव्हा मी भिंग शोधून आणले.

एका टोकातून गडद तपकिरी डोके आणि पायांच्या तीन जोड्या बाहेर येत. अळी भिंतीला पकड घेई आणि घर मागून ओढून घेई. बाकीचे पांढुरके, मऊ शरीर आतच राहत असे. काडीने हलकेच स्पर्श केला की ती आत जाई आणि कवचाची खालची बाजू वर उचलली जाऊन तोंड बंद होई. काही वेळाने तेच डोके दुसऱ्या टोकातून बाहेर येई. दोन्ही दारे सारखीच असतात, आणि कवच मध्ये रुंद असल्यामुळे अळीला आतल्या आत वळता येते.

हे घर ती स्वतःच्या रेशमाने विणते आणि त्यावर वाळू, चुना, धागे, जे मिळेल ते चिकटवते. प्रत्येक कातीनंतर अंग वाढते, तसे घरही वाढवावे लागते. आमच्याकडे गणपतीआधी बैठकीच्या खोलीतला जुना निळा रंग खरवडला होता. त्यानंतर आठवड्याभराने कवचाच्या तोंडाजवळ दोन निळे कण दिसले. एवढ्या करड्या धुळीत ते दागिन्यासारखे उठून दिसत होते.

खाणे म्हणजे आपण केरात काढतो तेच: जुनी कोळिष्टके, गळालेले केस, लोकर, मेलेले किडे. लोकरीच्या कपड्यांना लागणारी कसर याच कुळातली, टिनिडी कुळातली. केसांतले आणि लोकरीतले केराटिन हे चिवट प्रथिन पचवण्याची दुर्मीळ क्षमता या कुळातल्या अनेक अळ्यांकडे असते. त्यामुळे माझ्या कौतुकात आईच्या शालीखातर डांबरगोळ्या ठेवण्याइतका सावधपणा होताच.

अळीची अवस्था साधारण ५० दिवसांची असते. गेल्या महिनाअखेरीस ती चौकटीवर चढली, कवचाची दोन्ही टोके तिने रेशमाने लाकडाला डकवली आणि हालचाल थांबली. कोषाची अवस्था दोन-तीन आठवड्यांची. मी रोज सकाळी दूध तापत ठेवून तेवढ्यात पाहून घेत असे.

आज जेवणानंतर दिवे मालवले आणि टॉर्चवर पातळ रुमाल धरून शोध घेतला. फ्रिजमागच्या कोपऱ्यात, एका जुन्या कोळिष्टकावरच तो बसलेला सापडला. करडा, पंख छपरासारखे उतरते ठेवलेले, त्यांवर दोन-तीन काळसर ठिपके, डोक्यावर विस्कटलेले केस आणि मागच्या पंखांच्या कडेला बारीक केसांची झालर. पंख पसरले तरी सारा विस्तार सेंटिमीटरभर. तो मादी असेल, तर आठवडाभरात भेगांमध्ये सुमारे २०० अंडी घालून मरेल. उजेड जवळ नेताच तो उडाला नाही, भिंतीवरून लगबगीने धावत फ्रिजच्या मागे गेला.

रिकामे कवच सुरीने अलगद सोडवून काड्यापेटीत ठेवले आहे. निळे कण अजून जागेवर आहेत. उद्या रविवारी आईने जळमटे काढायचे ठरवले आहे, फ्रिजमागचा कोपरा राहू दे, असे तिला सांगितले, तर ती म्हणाली, "आठ दिवस. नंतर मी ऐकणार नाही."