आमची वाटचाल: सहाशे टोप्या परत आल्या तेव्हा

धायरीत आमचं छोटं युनिट आहे, तीन मशिनी, एक कटिंग टेबल आणि आम्ही पाच जण. आम्ही बालाक्लावा शिवतो, म्हणजे डोकं, कान, तोंड आणि मान झाकणारी टोपी. पुण्यात अजूनही लोक म्हणतात "म्हणजे माकडटोपीच ना?" आणि किंमत ऐकली की पुढचं बोलत नाहीत. याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पहाटे पर्वती चढताना घालायची टोपी वेगळी. आमची टोपी घालून माणूस गुलमर्गच्या अफरवट शिखरावरून स्नोबोर्डवर, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळीवर, उतरतो, थर्मामीटर उणे १५ दाखवतो आणि तोंडावर ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर कातडीला ते उणे २७ सारखं झोंबतं.

सुरुवात ट्रेकवाल्यांच्या गेटर आणि फ्लीसच्या कानटोप्यांनी झाली. मास्तर भेटले नसते तर तिथंच राहिलो असतो. मास्तर सोलापूरला युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला होते, मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला आले. त्यांची बारा इंची कात्री आजही टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात असते, तिला कोणी हात लावायचा नाही आणि तिनं कागद तर अजिबात कापायचा नाही. त्यांनीच हट्ट धरला की कडा शिवायच्या साध्या ओव्हरलॉक मशिनवर भागवायचं नाही, चार सुया सहा धाग्यांची फ्लॅटलॉक मशिन पाहिजे. ओव्हरलॉकची शिलाई आतून उभी राहते, हेल्मेटखाली दोन तास दाबली की कपाळावर वळ उठतो, फ्लॅटलॉकची शिलाई कापडाबरोबर सपाट बसते. सेकंडहँड मशिन घेतलं, हप्ते भरता भरता नाकी नऊ आले, पण तेच मशिन आजही चालतंय.

आमचा पहिला खरा गिऱ्हाईक म्हणजे गुलमर्गला स्नोबोर्ड शिकवणारा एक काश्मिरी इन्स्ट्रक्टर. त्याला आम्ही पहिला पीस मोठ्या अभिमानानं पाठवला, जाड डबल फ्लीस, नाकातोंडावर आणखी एक लेयर. आठवड्यात परत आला. फोनवर म्हणाला, "भाईसाब, आपने मुँह गरम रखने का सोचा, साँस कहाँ जाएगी ये नहीं सोचा." तिथं माझे डोळे उघडले. श्वासात वाफ असते, ती कापडात अडकते, कापड ओलं होतं, मग त्याचाच बर्फ होऊन ओठांना चिकटतो, आणि उरलेली वाफ वर सरकून गॉगल धुरकट करते. मग मास्तरांनी खालचा भाग वेगळा कापला, हनुवटीखाली ओढता येईल असा, आणि तोंडापुढं बारीक भोकांचं कापड लावलं. चौथा सॅम्पल त्याला पटला. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्याची ऑर्डर येते, एक वर्ष चुकलं नाही.

त्यानंतरची सहा-सात वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ती मोठी ऑर्डर आली. एका टूरवाल्याला सहाशे पीस पाहिजे होते, मेरिनोचे, म्हणजे मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचे, डिसेंबरच्या आत. आमचा नेहमीचा माल लुधियानाहून यायचा पण वेळ नव्हता म्हणून एका नवीन व्यापाऱ्याकडून कापड उचललं, बिलावर स्वच्छ लिहिलेलं, शंभर टक्के मेरिनो, १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम. हाताला मऊ लागलं, मी घाईत होतो, मास्तर गावी गेले होते. शिवलं, पाठवलं. जानेवारीत फोन सुरू झाले की टोपी दुपारपर्यंत ओलीचिंब होते, एका मुलीच्या गालावर पांढरा डाग आला. तो डाग म्हणजे हिमबाधेची सुरुवात असते, ते ऐकून माझ्या हातापायातलं त्राण गेलं.

मास्तरांनी उरलेल्या तुकड्यातला एक धागा ओढला आणि काडी लावली. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते, राख बोटानं चुरगळते. इथं वास आला, पण टोकाला काळा कडक मणी झाला, नखानंही फुटेना. अ‍ॅक्रिलिक, म्हणजे लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा, मिसळलेलं होतं. लोकर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओल पोटात घेते तरी ओली लागत नाही, अ‍ॅक्रिलिक ती घेतच नाही, पाणी धाग्याधाग्यात साचून राहतं. व्यापारी म्हणाला, माल तपासून घेणं तुमचं काम होतं. हे वाक्य मी विसरलेलो नाही. सहाशेच्या सहाशे परत घेतल्या, पैसे फेडले, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, दोन मशिनी विकल्या. फ्लॅटलॉक विकायला मी तयार होतो, मास्तरांनी विकू दिली नाही, चार महिने पगार घेतला नाही आणि त्यावर आजवर एक शब्द बोलले नाहीत.

त्याच काळात आमच्याकडून होलसेल माल नेणाऱ्यानं आमचा पॅटर्न उसवून कॉपी केला. तोच कट, तीच हनुवटीची घडी, किंमत आमच्या तिसऱ्या हिश्श्याला. पण तोंडापुढं भोकं नाहीत आणि शिलाई ओव्हरलॉकची. लोक ती घेतात, आणि एका ट्रिपनंतर "पुण्याच्या टोप्या बेकार" म्हणून आमच्या नावानं खडे फोडतात.

तुम्ही कुठूनही घ्या, पण घेताना आपलं हेल्मेट आणि गॉगल बरोबर न्या, घालून बघा. जाड म्हणजे गरम हे डोक्यातून काढा, जाड टोपीनं हेल्मेट वर उचललं जातं आणि कामाच्या वेळी जागेवर राहत नाही. सुती तर नकोच. टोपीची कड गॉगलच्या फोमखाली खुपसू नका, वाफ सरळ काचेवर जाते. मान एवढी लांब पाहिजे की जॅकेटच्या आत वीतभर जाईल, स्नोबोर्डवाला शिकताना बर्फात बसतो आणि पडतो, बर्फ मानेतूनच आत शिरतो. दोन ठेवा, दुपारी बदला. गंडोल्यात, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारमध्ये, बसलात की एकमेकांचे गाल आणि नाकाचा शेंडा बघा, पांढरं दिसलं तर बर्फानं चोळू नका, उघडा गरम तळवा नुसता धरून ठेवा आणि खाली उतरा. धुताना कोमट पाणी, सॉफ्टनर अजिबात नाही.

आता प्रत्येक ताग्यातला धागा आधी मास्तर जाळून बघतात, मगच कात्री लागते. पाटल्या गेल्या वर्षी सोडवल्या. ज्यांना जानेवारीत वर जायचंय त्यांनी ऑक्टोबरच्या आत डोक्याचा घेर भुवईच्या वरून मोजून कळवा, दाढी असेल तर तेही सांगा, मास्तर खालच्या भागात अर्धा इंच जास्त सोडतात.