कपॅसिटर बसवण्याआधी गाडीची वायरिंग तपासा

गाडीत गाण्यांसाठी ॲम्प्लिफायर (ॲम्प) लावल्यावर बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंदावली की पहिला सल्ला मिळतो तो कपॅसिटरचा, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या भागाचा. कपॅसिटर क्षणभराची मागणी भागवतो, बस्स. बारीक वायर आणि कमी पडणारा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग), यातलं काहीच त्याने सुटत नाही. म्हणून खर्च करण्याआधी मोजा.

इंजिन चालू ठेवून ५० हर्ट्झचा टोन काही सेकंद मोठ्या आवाजात वाजवा आणि व्होल्टेज दोन ठिकाणी बघा: बॅटरीवर आणि ॲम्पच्या टर्मिनलवर. बॅटरीवर १३.८ टिकून ॲम्पवर १२.८ येत असेल, तर दोष मधल्या वायरीत किंवा अर्थमध्ये, म्हणजे ॲम्पचं निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या वायरीत आहे. बॅटरीवरच १२.५ च्या खाली जात असेल, तर ॲम्पची वायर कितीही जाड केली तरी फरक पडणार नाही; अल्टरनेटर किंवा त्याच्यापासून बॅटरीपर्यंतचा मार्ग अपुरा आहे.

आता वायरीचा हिशोब. ६०० वॅट आरएमएसचा (सलग देता येणारी ताकद) क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) ॲम्प ८० टक्के कार्यक्षम धरला, तर त्याला ७५० वॅट लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टवर सुमारे ५४ अँपिअर. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर वायर धरा. ८ गेजच्या (सुमारे ८.४ चौरस मिमी) तांब्याच्या वायरीत अर्धा व्होल्टहून जास्त जातो, ४ गेजमध्ये (२१ चौरस मिमी) साधारण ०.२२. स्वस्त किटमध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ते तांब्याच्या तुलनेत जेमतेम दोन तृतीयांश वीज वाहतं, त्यामुळे तीच वापरायची असेल तर एक-दोन माप जाड घ्या. ओळखायला एक तार खरवडा: आत चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियम. बाहेरून चंदेरी आणि आत तांबडी असेल, तर ते कथिलाचा थर दिलेलं चांगलं तांबं आहे.

फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. वायर पुढे कुठेही घासून बॉडीला टेकली, तर फ्यूज आणि बॅटरी यांमधला तुकडाच असंरक्षित राहतो. ॲम्पवरचे फ्यूज मिळून ६० अँपिअरचे असतील, तर ४ गेजवर ८० चा फ्यूज योग्य. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांमधला पत्रा) वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडेचं कडं) घालायलाच हवा; पत्र्याची कड वर्षभराच्या कंपनाने इन्सुलेशन कापते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते अर्थकडे. ॲम्पकडे गेलेला सगळा करंट त्याच वाटेने परत येतो, म्हणून अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड हवी आणि शक्यतो ४५ सेंटिमीटरहून लांब नको. जागा चांगल्या जाड पत्र्याची निवडा, रंग आणि प्रायमर चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बोल्टने घट्ट बसवा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावून गंज रोखा. सीटबेल्टच्या बोल्टला कधीही हात लावू नका. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा; पक्कडीने चेपलेला जोड तापतो आणि सैल होतो.

बॅटरीचंच व्होल्टेज पडत असेल, तर तीन जाड वायरी घाला: अल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ब्लॉक ते बॉडी. कंपनीच्या वायरी काढू नका, नव्या त्यांच्या जोडीला टाका. अल्टरनेटरच्या वायरीलाही बॅटरीजवळ फ्यूज द्या, अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा थोडा मोठा. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट सेन्सर असतो. तिथे जादा अर्थ थेट टर्मिनलवर न घेता सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला घ्या, नाहीतर चार्जिंगचा हिशोब चुकतो. एवढं करूनही व्होल्टेज पडत राहिलं, तर मोठा अल्टरनेटर हाच उपाय. दुसरी बॅटरी इंजिन चालू असताना वीज निर्माण करत नाही.

शेवटी पुन्हा तोच टोन लावा. मल्टीमीटरची एक पिन बॅटरी पॉझिटिव्हवर आणि दुसरी ॲम्पच्या पॉझिटिव्हवर धरा, मग तसंच निगेटिव्हवर. दोन्ही मिळून अर्धा व्होल्टच्या आत आलं, तर काम नीट झालं. निगेटिव्हकडचा आकडा मोठा निघाला, तर अर्थचा बोल्ट पुन्हा उघडा.