तुम्ही विचारलंत म्हणून: सारखं लोमूचंच का?

माझ्या बोलण्यात जोना लोमू आला की कोणीतरी विचारतंच, अहो क्रिकेट सोडून हा न्यूझीलंडचा रग्बीवाला कुठून काढलात? तर सांगतो.

1995 च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, केपटाऊन, समोर इंग्लंड. लोमू 20 वर्षांचा, सहा फूट पाच इंच, वजन शंभर किलोच्या बरंच वर आणि खेळायचा विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, जिथे चपळ पोरं लागतात. सुरुवातीलाच बॉल घेऊन सुटला, मधेच अडखळला, आता पडतो वाटलं, समोर फक्त इंग्लंडचा माइक कॅट उरलेला, तर त्याला वळसा न घालता सरळ त्याच्या अंगावरून पलीकडे. त्या मॅचमध्ये चार ट्राय केले (ट्राय म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवणं, रग्बीतला गोलच म्हणा).

हा व्हिडिओ सगळेच बघतात. मला पुढचं सांगायचंय. त्याच वर्षाच्या शेवटी त्याला नेफ्रॉटिक सिंड्रोम निघाला, म्हणजे किडनीतून प्रोटीन गळत राहतं, अंगावर सूज येते, थकवा येतो. तरी 1999 च्या वर्ल्ड कपला आठ ट्राय, एकूण 63 टेस्टमध्ये, म्हणजे देशाकडून खेळलेल्या मॅचमध्ये, 37. मग 2003 ला डायलिसिस, 2004 ला ग्रँट केरेआमा ह्या रेडिओवाल्या मित्राने स्वतःची किडनी दिली आणि पुढच्याच वर्षी हा वेल्समध्ये कार्डिफ ब्लूजकडून परत मैदानात!

माझी ताई डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. हातातल्या फिश्चुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवलं की आत थरथर लागते, झोपायच्या आधी ती रोज तपासते चालू आहे ना. पाणी मोजून प्यायचं, आणि मशीनवरून उतरली की आमचा एक जिना चढताना मधे थांबते. हे घरात बघितल्यावर, दुसऱ्याची किडनी पोटात घेऊन टॅकल, म्हणजे धावत्या खेळाडूला धरून आडवं पाडणं, झेलायला उतरणं म्हणजे काय ते मला कळतं, चार ट्राय त्यापुढे मला काहीच वाटत नाहीत खरं सांगू तर.

2011 ला ती किडनी शरीराने नाकारली, परत डायलिसिस. 2015 च्या वर्ल्ड कपला इंग्लंडला कामासाठी गेला तेव्हाही ते चालूच होतं. दोन मुलं 21 ची होईपर्यंत जगायचंय म्हणायचा. घरी ऑकलंडला परतला आणि 18 नोव्हेंबरला गेला, वय 40. मागे पैसा फारसा नव्हता, मुलांसाठी खेळाडूंच्या संघटनेने ट्रस्ट काढला. रग्बी प्रोफेशनल झालं तेच मुळी 1995 ला, आणि त्या खेळाचा सगळ्यात मोठा चेहरा हा होता, त्याच्या मुलांवर ही वेळ यावी ह्याचा मला अजून राग येतो.

आणि रोजच्यातलं सांगायचं तर, कुठे लग्नकार्य निघालं की नातेवाईक म्हणतात ताईला कशाला दगदग. मी लोमूचं सांगतो, तिथल्या डायलिसिस सेंटरला आधी फोन लावून स्लॉट घेतो, हिपॅटायटिस-एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट फाइलला लावतो, आणि आम्ही जातो.