क्लबाबरोबर होखरहाइडेला, सायक्लोक्रॉसची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघायला

2023 च्या फेब्रुवारीतला वीकेंड आहे हा, लिहायचा राहून गेला होता. पुण्यातल्या सायकलवाल्या मित्रांचा परवा कॉल होता आणि पुन्हा तोच प्रश्न आला की सायक्लोक्रॉस म्हणजे एमटीबीच (माउंटन बाइकिंग) ना? नाही रे बाबांनो. म्हणून आता सविस्तर लिहितो.

सायकल दिसायला रोड बाइकसारखीच, वाकडं हँडल, पण टायरला रबराचे उंचवटे असतात, आणि यूसीआयच्या (सायकलिंगची जागतिक संघटना) रेसमध्ये टायर 33 मिलीमीटरपेक्षा रुंद चालत नाही. शेतात, गवतात, वाळूत, झाडीत पट्ट्या लावून साधारण तीन किलोमीटरचा ट्रॅक आखतात आणि त्यावर लॅप मारायचे. पुरुषांची रेस तासाभराची, बायकांची थोडी कमी. मधे 40 सेंटीमीटर उंचीच्या आडव्या फळ्या असतात, तिथे उतरून सायकल उचलून पळायचं नाहीतर सरळ सायकलसकट उडी मारायची. चढ फारच उभा आला की सायकल खांद्यावर. आणि हे सगळं भर थंडीत, कारण सीझनच सप्टेंबर-ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सुरुवात फ्रान्समधली, 1902 साली तिथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, वर्ल्ड चॅम्पियनशिप 1950 पासून, पहिली पॅरिसला. पण आज हा खेळ खऱ्या अर्थाने जगतो तो बेल्जियममध्ये आणि आमच्या नेदरलँड्सच्या दक्षिण भागात.

मी आइंडहोवनला राहतो, इथल्या एका टूर क्लबात रविवारी सकाळी सायकल चालवतो. क्लब म्हणजे सगळे हौशी, कुणी शाळेत शिकवतं, कुणी माझ्यासारखं फॅक्टरीत इंजिनियर, आणि निम्मे रिटायर्ड. सत्तरी ओलांडलेले एकजण आहेत, त्यांना सगळे ओपाच म्हणतात म्हणजे आजोबा, आणि चढाला ते अजून आमच्यातल्या तिशीतल्या पोरांना मागे टाकतात. तर त्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप होखरहाइडेला होती, आमच्याच ब्राबांट प्रांतात, बेल्जियमच्या बॉर्डरला लागून. ओपांनी शरदातच जाहीर केलं की क्लब जाणार, आणि सेक्रेटरीने तिकिटं काढून सगळ्यांना टिक्की, म्हणजे फोनवर पैसे मागायची लिंक, पाठवून दिली (इथे कॉफीचे अडीच युरोसुद्धा टिक्कीने मागतात, आणि मला ते आवडतं, हिशेब मनात राहत नाही).

शुक्रवारी संध्याकाळी एक व्हॅन, दोन गाड्या, सायकली ट्रेलरवर, असे आम्ही दहा-बारा जण बर्गन ऑप झोमच्या बाहेर एका भाड्याच्या घरात पोचलो. रात्री वाटाण्याचं घट्ट सूप आणि राईचा काळा ब्रेड. बायकोने डबाभर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती ती त्या ब्रेडवर पसरून संपली, ओपांनी तर चमचा लावून.

शनिवारी सकाळी आधी स्वतः सायकल चालवायची हे क्लबाचं ठरलेलंच. बॉर्डर ओलांडून काल्मथाउटच्या माळावर गेलो, वाळू, झुडपं, पाणथळ, आणि वारा समोरून. रस्ता शोधायला फोन लागत नाही, चौकाचौकात नंबरचे बोर्ड असतात, आपण फक्त नंबर लक्षात ठेवायचे. ही पद्धत बेल्जियमच्या लिंबर्गमध्ये 1995 साली सुरू झाली, ह्युगो बोलन नावाच्या एका खाणीतल्या इंजिनियरच्या डोक्यातून निघालेली, आणि आता दोन्ही देशभर पसरलीय. खाणी बंद पडल्या पण त्या माणसाने लाखो लोकांना सायकलवर फिरायला लावलं, मला तरी हे फार मोठं काम वाटतं.

दुपारी मैदानावर. गेटपासूनच तळलेल्या बटाट्याचा वास, लाउडस्पीकरवर कार्निव्हलची गाणी (दोन आठवड्यांवर कार्निव्हल होता, हा सगळा भाग तेव्हा वेडा होतो), आणि माणसंच माणसं. मी खेड तालुक्यातला, लहानपणापासून बैलगाडा शर्यती बघितलेल्या, तर मला ते वातावरण अगदी घाटातलं वाटलं, म्हणजे आजी, नातू, पाहुणे-रावळे सगळे आलेत, प्रत्येकाचा गडी ठरलेला आहे, आणि पट्टीच्या पलीकडून एका हातावरून तो सुसाट जातोय. स्टेडियममध्ये बसून बघायचा हा खेळ नाहीच. लोक चालत फिरतात, एक लॅप फळ्यांपाशी बघायचा, एक लॅप चढापाशी, मग पळत फिनिशला.

बायकांची एलिट, म्हणजे मोठ्यांची, रेस शनिवारी होती. फेम फान एम्पल आणि पुक पीटरसे, दोघी वीस वर्षांच्या, दोघी डच, दोघींना अंडर-23 मध्ये खेळता आलं असतं पण दोघी मोठ्यांच्यात उतरलेल्या. पुक फळ्यांवरून सायकलसकट उडी मारते, तेव्हा बायकांमध्ये हे करणाऱ्या फारच थोड्या होत्या. आम्ही फळ्यांपाशीच उभे होतो. लांबून बघताना वाटतं की वेगात आहे म्हणून जमतंय, जवळून बघितल्यावर कळतं की फळीच्या आधी क्षणभर ती सगळं अंग खाली दाबते, पुढचं चाक उचलते, आणि मागचं चाक फळीला न लागता वर ओढून घेते, आणि हे रेस अर्धी संपल्यावर, पाय भरून आलेले असताना. शेवटी फेमने तिला मागे टाकलं आणि मोठ्यांच्यात पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाली. पुक दुसरी, लुसिंडा ब्रांड तिसरी, तिन्ही डच. माझ्या शेजारी एक बाई लेकीला कडेवर घेऊन रडत होत्या. फेमने नंतर 2024 आणि 2025 लाही जिंकली.

पण मला खरं सांगायचंय ते पिटबद्दल.

रायडरला एका लॅपमध्ये दोनदा पिट लागते, आणि पिटमध्ये त्याची दुसरी सायकल तयार असते. चिखल बसला, गियर अडकला, हवा कमी-जास्त वाटली की तो आत येतो, एक सायकल सोडतो, दुसरी घेतो आणि पुढे. मग मागे राहिलेल्या माणसांची खरी धावपळ. आम्ही रविवारी सकाळी ज्युनियर मुलांच्या रेसला मुद्दाम पिटच्या कुंपणाला टेकून उभे राहिलो. एका पोराने सायकल सोडली, एका माणसाने ती धावत्यात पकडली, उचलून धुवायच्या जागी पळत नेली, प्रेशरच्या पाण्याने आधी टायर, मग ब्रेक, मग मागचा डिरेलर (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर टाकणारा भाग), उलटा पेडल फिरवत चेन धुतली, फडक्याने पुसली, तेलाचे थेंब, सगळे गियर एकदा वर-खाली टाकून बघितले, आणि परत जागेवर येऊन उभा, सॅडलवर एक हात, हँडलवर एक, पेडल बरोबर त्या पायाच्या उंचीला ज्या पायाने पोरगा चढतो. पोरगा आलाच नाही आत, सरळ पुढे गेला. त्या माणसाने सायकल खाली ठेवली नाही. पुढच्या एंट्रीपर्यंत तसाच धरून उभा राहिला. रेस संपल्यावर कळलं की तो बाप होता.

ओपा म्हणाले, "बघ, हे एकट्याचं काम नाही, घरात कुणीतरी चिखलात उभं राहायला तयार पाहिजे." आणि खरंच, त्या वीकेंडची नावं नुसती वाचली तरी तेच दिसतं. अंडर-23 पुरुषांत जिंकला थिबाउ नेस, त्याचे वडील स्वेन नेस, 2005 आणि 2013 चे वर्ल्ड चॅम्पियन. ज्युनियर मुलींत पहिली इसाबेला होल्मग्रेन आणि दुसरी एव्हा होल्मग्रेन, कॅनडाच्या जुळ्या बहिणी, एकाच पोडियमवर. आणि ज्या ट्रॅकवर हे सगळं चाललं होतं तो आखलेला आड्री फान डर पूल यांनी, 1996 चे वर्ल्ड चॅम्पियन, आणि रविवारी पुरुषांच्या एलिट रेसला उतरणाऱ्या माथ्यूचे वडील. माथ्यूचे आईकडून आजोबा रेमों पुलिदोर, ज्यांनी टूर दी फ्रान्समध्ये इतक्या वेळा पोडियम गाठला पण आघाडीवरच्या रायडरची पिवळी जर्सी एक दिवसही अंगावर चढली नाही. ती जर्सी माथ्यूने 2021 मध्ये घातली, तोपर्यंत आजोबा राहिले नव्हते. इथल्या लोकांना हे सगळं पाठ असतं आणि ते तुम्हाला चिप्स खाता खाता सांगतात.

रविवारी दुपारी पुरुषांची एलिट. माथ्यू फान डर पूल विरुद्ध वाउट फान आर्ट, एक डच, एक बेल्जियन, आणि बॉर्डर हाकेच्या अंतरावर, म्हणजे निम्मं पब्लिक याचं, निम्मं त्याचं. हे दोघं ज्युनियर असल्यापासून एकमेकांच्या मागे आहेत, 2012 ला बेल्जियममधल्या कोक्साइडेच्या ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये माथ्यू पहिला आणि वाउट दुसरा. मोठ्यांच्यात माथ्यूकडे तेव्हा चार टायटलं होती, वाउटकडे तीन, 2016, 17, 18 ची सलग.

पहिल्याच लॅपमध्ये माथ्यूने जोर लावला, मागे राहू शकला तो फक्त वाउट. आणि मग पूर्ण तासभर ते दोघं एकत्र, कधी हा पुढे, कधी तो. चिखल अपेक्षेपेक्षा कमी होता, ट्रॅक पळता होता, आणि अशा ट्रॅकवर नुसत्या ताकदीने कुणाला सोडवणं अवघड असतं. आम्ही एका वळणावर होतो, गवताचा आडवा उतार, जिथे टायर खाली घसरायला बघतो, तिथे बरेच जण आतला पाय पेडलवरून काढून जमिनीला लावत होते, आणि हे दोघं आले की दोन्ही पाय पेडलवर, गवतातून टायरचा चर्र आवाज, श्वास ऐकू येतात इतके जवळ, आणि गेले. मागून येणाऱ्यांसाठीही लोक तेवढेच ओरडत होते. पार मागे पडलेल्या एका रायडरला आमच्या क्लबाने प्रत्येक लॅपला नावाने हाक मारली, नंबर बघून लिस्टमधून नाव शोधलं होतं, आणि दोनदा त्याने मान वळवून बघितलं.

शेवटचा लॅप आम्ही मोठ्या स्क्रीनपाशी. ओपा म्हणाले स्प्रिंट होणार आणि जो आधी काढेल तो जिंकणार. मी म्हटलं नाही, वाउट रोडवरचा एवढा मोठा स्प्रिंटर आहे, डांबरी रस्त्यावर तो ऐकणार नाही. शेवटच्या सरळ रस्त्यावर माथ्यूने आधी काढला. लांबून काढला. वाउटला रिअ‍ॅक्ट व्हायला तेवढा एक क्षण उशीर झाला आणि मग ते अंतर भरूनच निघालं नाही. एली इझरबाइट तिसरा. माथ्यूचं पाचवं टायटल, वडिलांनी आखलेल्या ट्रॅकवर. आमच्या शेजारचे बेल्जियन काका दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग त्यांनी सगळ्या डच लोकांशी हात मिळवला, माझ्याशीसुद्धा, आणि ओपांना बिअर पाजली. त्यानंतर माथ्यूने 2024 ला ताबोरची आणि 2025 ला लिएव्हांची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकून तोवर सात टायटलं केली, बेल्जियमच्या एरिक दे व्लामिंकची 1966 ते 1973 मधली सात, तेवढीच.

परतीला व्हॅनमध्ये सगळी चर्चा हवेच्या प्रेशरची. रोडवर आम्ही सहा-सात बार भरतो, हे लोक दीडच्याही खाली जातात म्हणजे टायर जमिनीला चिकटून बसतो. पुढच्याच मंगळवारी क्लबाने जंगलाकडेच्या मैदानात दोन फळ्या आडव्या टाकल्या आणि सगळे, ओपांसकट, सायकल खांद्यावर घेऊन पळायला लागलो. पळताना उजव्या पायाने उतरून लगेच हात फ्रेमच्या आत घालून उचलायची, उतरल्यावर थांबायचं नाही, ही एक गोष्ट जमली की निम्मं काम होतं.

आता पुण्यातल्या मित्रांसाठी. याला रस्ता बंद करावा लागत नाही, पोलिसांचा बंदोबस्त लागत नाही, ट्रॅफिकची भीती नाही. एक पडीक रान, अडीच-तीन किलोमीटरची पट्टी, खुंट्या, चार फळ्या, एक शिट्टी. सायक्लोक्रॉसची सायकल नसली तरी एमटीबीवर चालतं, क्लबाच्या मजेच्या रेसला टायर कोण मोजतंय. पाऊस ओसरतानाचे दिवस यासाठी अगदी योग्य, जमीन ओली असते पण काळ्या रानात मात्र नको, तिथली माती चाकाला इतकी बसते की चाकच फिरत नाही, मुरमाड किंवा गवताळ जागा बघा. आणि पोरांची रेस आधी ठेवा, म्हणजे घरचे सगळे येतात आणि मग मोठ्यांच्या रेसलाही थांबतात, होखरहाइडेलाही लहानांनीच दिवस सुरू होतो. आमच्या गावाला माळावर भावकीतल्या एकांचं रान मोकळं आहे, ते हो म्हणालेत. दिवाळीत येतोय तेव्हा पट्टी घेऊन जाऊ आणि आखून बघू, चढाच्या बाजूने सुरुवात ठेवायची की ओढ्याकडून, ते तिथे उभं राहूनच ठरवू.