‘मी जाते’ म्हणणारा मुलगा

नातवाचे बोलणे मी सुधारत का नाही, असे तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. माझा नातू दिवसभर माझ्याजवळ असतो आणि सव्वादोन वर्षांचा झाल्यापासून तो ‘मी जाते’, ‘मी पडले’, ‘मी नाही देत जा’ असे ठणकावून सांगू लागला. घरी येणारा प्रत्येक जण आधी हसतो आणि मग जरा काळजीच्या सुरात मला विचारतो, ‘अहो, मुलगा आहे ना तो? मग तुम्ही त्याचे बोलणे सुधारत का नाही?’

सुधारून पाहिले आहे. एका दुपारी त्याला समोर बसवून मी सावकाश म्हटले, ‘असे म्हण, मी जातो.’ त्याने माझ्याकडे अविश्वासाने पाहिले, खदखदून हसला आणि म्हणाला, ‘आजी, तू नाही जातो. तू जाते!’ त्याचे काय चुकले, हे मला अजूनही सांगता येणार नाही. माझ्या तोंडून ‘मी जातो’ हे वाक्य चुकीचेच होते आणि त्याने ते लगेच पकडले. मराठीत ‘मी’ तोच राहतो, पण क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. म्हणजे मुलाला आधी हा नियम कळायला हवा आणि मग आपण स्वतः कोणत्या बाजूला मोडतो हेही कळायला हवे. दिवसभर ज्यांचे ‘मी’ त्याच्या कानांवर पडते, त्या आम्ही दोघी, म्हणजे मी आणि त्याची आई. ‘मी जातो’ म्हणणारा बाप ते वाक्य सकाळी दारात एकदा म्हणतो आणि खरोखरच जातो.

लहान मुलाला दुरुस्त करणे किती अवघड असते, याचे एक उदाहरण अभ्यासकांच्या जगात प्रसिद्ध आहे. मुले भाषा कशी शिकतात याचे अभ्यासक डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये आई आणि मूल यांच्यातील एक संवाद नोंदवला. इंग्रजीत एकाच वाक्यात दोन नकार घालून मूल म्हणते, की मी कुणालाच आवडत नाही. आई नकार दुरुस्त करून वाक्य पुन्हा सांगते, मूल आपलेच वाक्य पुन्हा म्हणते आणि हा प्रकार आठ वेळा चालतो. शेवटी मुलाच्या डोक्यात काहीतरी प्रकाश पडतो आणि ते क्रियापदाचा एक प्रत्यय तेवढा बदलते. दोन्ही नकार जागच्या जागी. आईचे सारे लक्ष व्याकरणाकडे, आणि मूल बिचारे आपण कुणाला आवडत नाही हे सांगत होते. पुढे याच विषयाचे अभ्यासक रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० मध्ये दाखवले, की आईवडील मुलाचे व्याकरण फारसे तपासतच नाहीत. मूल म्हणते ते खरे आहे की नाही, एवढेच पाहतात. मी स्वतःवर लक्ष ठेवून पाहिले. ‘मी सगळी खेळणी आवरली’ असे नातू म्हणाला, तेव्हा मी खाली वाकून खेळणी कुठे आहेत ते पाहिले. वाक्य कसे होते याकडे माझे लक्षही नव्हते.

आता ज्याची सर्वांना अधिक काळजी वाटते, त्याबद्दल. दोन वर्षांचा असताना हा मुलगा ‘बाबा गेला’ असे अगदी नीट म्हणत असे. अडीच वर्षांचा झाल्यावर तो ‘बाबा जाला’ म्हणू लागला. त्यापाठोपाठ ‘मी करलं’ आले, ‘मला देलं’ आले आणि एके दिवशी एक किडा ‘मरला’. येत होते तेही विसरला, असे घरात सर्वांना वाटले. मला मात्र आनंद झाला. ‘गेला’ हा शब्द तोवर त्याने जसाच्या तसा पाठ केलेला होता. ‘बसला, पडला, हसला, उठला’ असे शेकडो वेळा ऐकल्यावर धातूला ‘ला’ जोडायचा हे त्याला उमगले, आणि उमगलेला नियम त्याने प्रामाणिकपणे सगळीकडे लावला. ‘जा’चा ‘गेला’ का व्हावा, याला त्याच्याजवळ उत्तर नाही, आणि विचाराल तर तुमच्याजवळही नाही. ‘मरला’ हा शब्द त्याला घरात कुणीही शिकवलेला नव्हता. तो त्याने स्वतः घडवला होता.

मुले ऐकलेलेच परत बोलत नाहीत, हे जीन बर्को या भाषा-अभ्यासक बाईंनी १९५८ मध्ये फार सुंदर रीतीने दाखवले. त्यांनी एका काल्पनिक प्राण्याचे चित्र काढले, त्याला ‘वग’ असे निरर्थक नाव दिले आणि मग दोन प्राण्यांचे चित्र दाखवून मुलांना विचारले, आता हे काय? कधीही न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक केले. हा प्रयोग मी घरी करून पाहिला, अर्थात मराठीत. कागदावर एक वेडेवाकडे चित्र काढून म्हटले, हा एक टिपुळा. आणखी एक काढला आणि गप्प राहिले. ‘दोन टिपुळे,’ नातू म्हणाला आणि तिसरा काढ म्हणून मागे लागला.

नियम हाती लागला, की मूल तो किती दूर नेते ते पाहण्यासारखे असते. ‘आईने केलं, बाबाने केलं’, म्हणून ‘मीने केलं’. मुलगा आणि मुलगी, घोडा आणि घोडी, काका आणि काकी. म्हणून मावशीचा नवरा ‘मावशा’ आणि आजोबांची बायको, म्हणजे मी, ‘आजोबी’. (हे पद मी दोन दिवस भूषवले.) ‘घोड्यावर’ म्हणायला तो अजून तयार नाही, ‘घोडावर’ म्हणतो, कारण घोडा तोच आहे, केवळ त्याच्यावर बसले म्हणून त्याचे नाव का बदलावे?

उच्चारांबद्दल एवढेच सांगते, की कानाला कळते ते जिभेला जमायला वेळ लागतो. तो कावळ्याला ‘तावळा’ म्हणत असे. मीही लाडाने ‘तावळा आला’ म्हटले, तर चिडून म्हणाला, ‘तावळा नाही, तावळा!’ मी ‘कावळा’ म्हटल्यावर समाधानाने मान हलवून म्हणाला, ‘हो, तावळा.’ अगदी असाच प्रसंग एका इंग्रजी बोलणाऱ्या मुलाच्या खेळण्यातल्या माशावरून घडल्याचे बर्को आणि ब्राउन यांनी १९६० मध्ये नोंदवलेले आहे. कपाटाचे ‘पकाट’ होते यालाही कुणी हसू नये. ‘चिकटणे’ आणि ‘चिटकणे’ ही दोन्ही रूपे मोठ्यांच्याच तोंडी आहेत, आणि ‘नुकसान’चे ‘नुसकान’ काही लहान मुलांनी केलेले नाही.

काळाच्या बाबतीत तर हसण्याचा आपल्याला अधिकारच नाही. ‘मी उद्या पडले होते’ असे त्याने गुडघा दाखवत सांगितले, तेव्हा सारे घर हसले. पण होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा यांना एकच शब्द वापरणारी आपण माणसे. आजपासून एक दिवस मागे किंवा पुढे सरकताना त्याने तेच केले, तर बिघडले कुठे?

मला सर्वांत आवडतात ती, ज्यांत त्याने जगाविषयीचा आपला समज उघड केला, अशी वाक्ये. मोजा काढायचा असला की तो ‘साल काढ’ म्हणतो. पाऊस थांबेना, तेव्हा त्याने आजोबांना सांगितले, ‘पाऊस बंद कर.’ आणि संध्याकाळी आपण दिवा लावतो, म्हणून झोपताना तो म्हणतो, ‘आजी, काळोख लाव.’ बोलायला लागला त्या काळात कडेवर यायचे असले, की दोन्ही हात वर करून विचारायचा, ‘उचलून घेऊ?’ कारण उचलले जाण्यापूर्वी दर वेळी त्याने हेच शब्द ऐकलेले होते. असे काही झाले की मी वहीत लिहून ठेवते. त्या वहीचीही थट्टा होते, पण डार्विन यांनीही आपल्या पहिल्या मुलाची अशी टिपणे ठेवली होती आणि ३७ वर्षांनी, १८७७ मध्ये, त्यांवरून लेख लिहिला, हे सांगितले की थट्टा करणारे थोडा वेळ गप्प बसतात.

काही गोष्टी मात्र कौतुकावर नेऊ नयेत. दीड वर्ष उलटूनही मूल एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा येत असलेले शब्द आणि खेळ सोडून देत असेल, तर ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलले’ असे म्हणत न थांबता डॉक्टरांना दाखवावे आणि आधी कानांची तपासणी करून घ्यावी. ‘जाला’ आणि ‘करलं’ यांचा या यादीशी काही संबंध नाही.

तर, मी सुधारत नाही ते यामुळे. तो ‘बाबा जाला’ म्हणाला की मी ‘हो, बाबा गेला’ एवढेच म्हणते आणि पुढे बोलत राहते. बोलणे थांबवून धडा घेतला, तर त्याच्याजवळचे सांगायचे राहून जाते, आणि मला ते ऐकायचे असते.

परवा, म्हणजे मागच्या परवा, त्याला झोपवताना सवयीने मीच म्हणाले, ‘चल, काळोख लावू या.’ आता तो सव्वातीन वर्षांचा आहे. उशीवरून मान उचलून तो म्हणाला, ‘काळोख लावत नाहीत, आजी. दिवा बंद करतात. मी सांगतो ना तुला.’ ते ‘सांगतो’ माझ्या लक्षात आले दुसऱ्या दिवशी, वही लिहायला बसले तेव्हा.